तिरक्या रेघेनंतर

ला प्लाताच्या विद्यापीठात, तळघरातल्या प्रयोगशाळेत
एल्बा इतुर्राल्देनं एकोणतीस वर्षं पूड घोटली.
मी शेजारच्या टेबलावर, माझं काम अमोनिया मोजायचं.
तिच्या कामाला धड नाव नव्हतं:
भट्टी तापली का, बरणीवर तारीख आहे का,
आणि मातेचं पाणी उकळू द्यायचं नाही.

त्या वर्षी नासारेनो आला, मिसियोनेसच्या लाल मातीतून,
घाईत.
त्याच्याकडे टंगस्टनचं आम्ल, पांढरं, पिठासारखं,
जहाल;
पण एकटं असलं की गोळा होऊन बसणारं.
त्याला पसरायला जागा हवी. कुणाच्या तरी अंगावर.

"आधार कुठलाही चालेल," तो म्हणाला,
"टेबलाला काय कळतं वर काय वाढलंय?"
एल्बानं मातेचा भोपळा त्याच्या हातात दिला.
दुसऱ्या दिवशी तीच पत्ती, तेच पाणी, स्टीलच्या पेल्यात.
त्यानं तोंड वाकडं केलं.
ती काही बोलली नाही.

आधी ॲल्युमिना. स्वस्त, सच्छिद्र, सगळे वापरतात ते.
कोपऱ्यावरच्या मिलानेसावाल्याचं जळकं तेल, मिथेनॉल,
सहा तास ढवळलं, तेल तेलच राहिलं.
ॲल्युमिनाच्या अंगात मुळातच थोडी आम्लारीची ओढ.
तिनं आम्लाला असं कवटाळलं
की त्याचा पिंजराच मोडला.
ज्याच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्यानंच...
पण नाही, केसानं गळा कापला असंही म्हणवत नाही.
माया होती ती. जरा जास्तच.

मग सिलिका.
सिलिकाला कुणाचं काही नाही. येतोस? ये.
तिच्यावर आम्ल जसंच्या तसं, तिखट,
धरलेला अमोनिया सोडायला तयार नाही.
पहिल्या फेरीत शंभरातले त्र्याण्णव!
नासारेनोनं आईला फोन केला.
दुसरीत चव्वेचाळीस.
तिसरीत मोजण्यासारखं काही नव्हतं.
तिनं धरलंच नव्हतं त्याला.
गाळणीखालच्या नितळ मिथेनॉलमध्ये
सगळं आम्ल निघून चाललं होतं, निरोप न घेता.

तो आठवडाभर फिरकला नाही.
एल्बानं वरच्या फळीवरून झिर्कोनियाची बरणी काढली,
झाकणावर तारीख तिच्याच अक्षरात, आमच्याआधीच्या कुणासाठी तरी.
भिजवलं, वाळवलं, रात्रभर भट्टीत ठेवलं.
झिर्कोनिया धरतं, पण मुठीत आवळत नाही.
आम्ल थोडं मवाळ झालं खरं,
माझ्या आलेखावरची टेकडी डावीकडे सरकली.
"एक्क्याऐंशीच," नासारेनो कुरकुरला.
मग ऐंशी. मग पुन्हा ऐंशी. मग एकोणऐंशी.
नवव्या फेरीनंतर त्यानं कुरकुर सोडली
आणि तिचा भोपळा न सांगता धुऊन ठेवला.

तरी प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत त्यानं लिहिलंच,
सवयीनं: आधार, निष्क्रिय.
एल्बानं पेन्सिलीनं दुसरा शब्द खोडला.
त्याच्या जागी काही लिहिलं नाही.

अशा पदार्थाचं नाव आम्ही असं लिहितो:
आधी आम्ल, मग एक तिरकी रेघ,
मग ज्यानं त्याला अंगावर घेतलं त्याचं नाव.
शोधनिबंधावर चार नावं. एल्बा शेवटच्या पानावर, आभारात,
गॅस सिलिंडरच्या कंपनीनंतर.
मी चिडले. ती म्हणाली, "आडनावात एक र खाल्लाय,
तेवढा घालायला सांग."

सव्वासहाला ती कोट टांगते.
भट्टी बंद, पण दार उघडत नाही,
एकदम गार पडली तर मुशीला तडा जातो.
बाहेर लिंडेन फुललेत.
हे शहर चौकटीत आखलेलं आणि वर तिरक्या रस्त्यांनी कापलेलं,
नवखा माणूस हमखास चुकतो.
ती मात्र चौकात जराही न थबकता
तिरक्या रस्त्याला लागते.
तिचं घर त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.